एकाच पट्टीची जाडी दोन टोकांना वेगळी का येते?

नवखा_खलाशी

गेल्या आठ महिन्यांपासून मी दोन डोलकाठ्यांच्या एका जहाजाची १:६४ या प्रमाणातील प्रतिकृती बांधत आहे. कणा आणि बरगड्या उभ्या राहिल्या, त्या घासून त्यांना योग्य उतार दिला, आणि आता बाहेरून फळ्या चढवण्याचे काम सुरू आहे. या फळ्या, म्हणजे १.५ मिमी जाड आणि ५.५ मिमी रुंद अशा नासपतीच्या लाकडाच्या पट्ट्या, मी माझ्या छोट्या टेबल सॉवर (टेबलात गोल पाते बसवलेल्या यांत्रिक करवतीवर) स्वतःच कापतो. तयार पट्ट्यांचा रंग प्रत्येक जुडीत निराळा निघत असल्याने एकाच ठोकळ्यातून सगळ्या पट्ट्या काढाव्यात, असा विचार मी केला होता.

अडचण अशी की शेजारशेजारच्या दोन पट्ट्या लावल्या की त्यांच्या सांध्यावर पायरी पडते. बोट फिरवल्यावर ती स्पष्ट जाणवते. जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जिथे वळण सर्वांत तीव्र आहे, तिथे ही पायरी अधिकच वाढते. आतापर्यंत प्रत्येक बाजूला पाच पट्ट्या चिकटवून झाल्या आहेत. पायऱ्या घालवण्यासाठी सँडपेपरने घासत गेलो, तेव्हा एका जागी लाकूड इतके झिजले की दोन बरगड्यांच्या मधल्या भागात बोटाने दाबल्यावर पट्टी आत जाऊ लागली. आरंभी मला वाटले की पट्ट्या वाकवण्यातच माझे काही चुकत आहे, म्हणून भिजवण्याचा वेळ वाढवून पाहिला, परंतु काहीही फरक पडला नाही. लाकूड बदलावे का, की हात बसेपर्यंत असेच चालायचे?

सुतारपक्षी

लाकूड बदलण्याची घाई करू नका. नासपतीच्या लाकडाचे तंतू बारीक आणि एकसारखे असतात, त्यामुळे या प्रमाणाच्या कामाला त्याहून चांगले लाकूड शोधणे सोपे नाही. हाताला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून कळवा. न लावलेली एखादी पट्टी घ्या आणि व्हर्नियरने तिची जाडी पाच ठिकाणी मोजा. कापायला सुरुवात केली ते टोक कोणते, ते मात्र आधी पेन्सिलने खूण करून ठेवा. दुसरे म्हणजे, पट्टीच्या कोणत्या अंगावर करपल्याचे डाग आहेत का, आणि असल्यास ते अंग पात्याकडचे होते की फेन्सकडचे (फेन्स म्हणजे कापताना लाकूड टेकवायची सॉवरची उभी पट्टी)?

नवखा_खलाशी

मोजले. सुरुवातीच्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत १.४४, १.४६, १.५०, १.५५ आणि १.५८ मिमी. आणखी तीन पट्ट्या तपासल्या, त्यांचाही कल तोच आहे. शेवटचे टोक नेहमी जाड. करपल्याचे डाग आहेत आणि ते पात्याकडच्या अंगावर आहेत. मी ते आजवर लाकडाचा रंग समजत होतो, हे सांगताना थोडे ओशाळल्यासारखे वाटते.

सुतारपक्षी

मग दोष तुमच्या हाताचा नाही आणि लाकडाचाही नाही. चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असेल तर ती हाताची असू शकते. जी चूक प्रत्येक वेळी त्याच दिशेने आणि जवळपास तेवढीच होते, ती यंत्राची असते. तुमच्या सॉची फेन्स पात्याला समांतर नाही, असा माझा कयास आहे. फेन्स पाठीमागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली असेल, तर कापले जाणारे लाकूड पाते आणि फेन्स यांच्या चिमट्यात सापडते. पात्याचे मागचे दात त्या लाकडाला निष्कारण घासत राहतात, म्हणून डाग पडतात. शिवाय फेन्सची पकड जरा जरी ढिली असली, तरी हा दाब तिला बाहेर ढकलतो आणि काप जसजसा पुढे जातो तसतशी पट्टी जाड होत जाते. तुमच्या पाच आकड्यांमधून नेमके हेच दिसत आहे.

तपासण्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण ती अर्धवट करतात. प्रथम प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते पूर्ण वर उचला. पात्याच्या एका दातावर मार्करने ठिपका काढा. तो दात हाताने फिरवून समोर, टेबलाच्या पृष्ठभागाच्या किंचित वर आणा आणि फेन्सपासून त्याचे अंतर मोजा. मग पाते फिरवून तोच दात मागच्या बाजूला आणा आणि पुन्हा अंतर मोजा. समोर एक दात आणि मागे दुसराच दात मोजलात, तर पात्याचा स्वतःचा वाकडेपणाही त्या आकड्यात मिसळतो आणि तुम्ही सरळ फेन्सला वाकडी ठरवून बसता. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. मागचे अंतर पाच-सात शतांश मिलिमीटरने जास्त असले तरी चालते, किंबहुना मी ते मुद्दाम तेवढे ठेवतो. पण मागचे अंतर कमी असणे कदापि चालत नाही.

पात्याचीही चौकशी करा. किती दातांचे आहे?

नवखा_खलाशी

पाते ७५ मिमी व्यासाचे आणि १२० दातांचे आहे. जितके दात जास्त तितका काप गुळगुळीत, अशी माझी समजूत होती. ठोकळ्याची उंची २५ मिमी आहे.

उलटी_पटाशी

ही समजूत पातळ पट्ट्यांना आडवे कापण्यापुरती खरी आहे. तंतूंच्या दिशेने, आणि तेही २५ मिमी उंचीचा ठोकळा चिरताना, तीच समजूत घात करते. दोन दातांच्या मधली खाच ही भुसा बाहेर वाहून नेण्याची जागा असते. १२० दातांच्या पात्यावर ही खाच इतकी लहान असते की दात लाकडातून बाहेर पडण्यापूर्वीच ती भरून जाते, आणि त्यानंतर दात कापण्याऐवजी घासू लागतात. घर्षणाने पात्याचा कडेचा भाग तापून प्रसरण पावतो, मधला भाग मात्र थंड राहतो. असे पातळ पाते मग सरळ न राहता लहरू लागते. अशा वेळी फेन्स कितीही सरळ असली तरी पट्टीवर लाटा उमटतात. ठोकळा चिरण्यासाठी ३० ते ४० दातांचे पाते लावा आणि १२० दातांचे पाते पट्टीच्या टोकांसाठी राखून ठेवा.

जुने पाते फेकू नका. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पाते पंधरा मिनिटे बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी साचलेला चिकट काळा थर काढा, लगेच कोरडे पुसा आणि थोडे ऊबदार करून ठेवा, अन्यथा संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज दिसू लागेल. पुष्कळदा पात्याची धार गेली असे आपण म्हणतो, तेव्हा धार शाबूत असते, फक्त ती राळेखाली गाडलेली असते.

हातकरवत

या निमित्ताने एक निराळे मत मांडतो. पट्ट्या कापण्यासाठी यंत्र हवेच कशाला? मी आजवर चार जहाजे तयार पट्ट्यांवर बांधली आहेत. प्रत्येक पट्टी काचेवर ठेवून, दोन्ही बाजूंना जाडीदर्शक पोलादी सळ्या ठेवून, वरून सपाट ठोकळ्याला चिकटवलेल्या सँडपेपरने ती घासली, की ठोकळा सळ्यांवर टेकतो आणि जाडी आपोआप एकसारखी येते. वेळ लागतो, हे मान्य आहे. परंतु यंत्राची देखभाल करण्यात जाणारा वेळ कोणी मोजतच नाही.

सुतारपक्षी

पद्धत उत्तम आहे आणि ज्यांच्याकडे सॉ नाही त्यांनी ती जरूर वापरावी. मात्र एका मध्यम आकाराच्या जहाजाला पट्ट्या पुष्कळ लागतात आणि धागाकर्त्यांना एकाच ठोकळ्याचा रंग हवा आहे, त्यामुळे सॉ त्यांना टाळता येणार नाही.

नवखा_खलाशी

आज सकाळी तपासणी केली. ठिपका काढलेला दात समोर असताना अंतर १.५० मिमी आणि तोच दात मागे नेल्यावर १.२५ मिमी. म्हणजे पाव मिलिमीटरचा चिमटा.

फेन्स समांतर करण्याचे स्क्रू शोधण्यासाठी ती रुळावरून पूर्ण उतरवली, आणि खरे कारण तेव्हा सापडले. टेबलाच्या पाठीमागच्या कडेला जिथे फेन्सचा हूक रुळावर बसतो, तिथे पिठासारखा बारीक भुसा दाबून दाबून इतका घट्ट बसला होता की नखाने निघेना. लाकडी काडी घालून उकरल्यावर त्याचा एक तपकिरी पापुद्रा अखंड सुटून आला, त्यावर रुळाच्या पृष्ठभागाचे ओरखडेसुद्धा उमटलेले होते. फेन्स इतके दिवस रुळाऐवजी या पापुद्र्यावर टेकत होती. वाकडीही होत होती आणि आवळल्यावर घट्टही बसत नव्हती. रूळ स्पिरिटने पुसून फेन्स पुन्हा बसवली, तेव्हा एकाही स्क्रूला हात न लावता फरक ०.०४ मिमीवर आला. मी उगाच पट्ट्यांना दोष देत होतो.

आता तेथे पुन्हा भुसा साचू नये म्हणून रुळावर तेलाचा हात फिरवून ठेवावा काय?

उलटी_पटाशी

तेल अजिबात लावू नका. तेलावर भुसा चिकटतो आणि तुम्ही उकरून काढलेला पापुद्रा महिनाभरात अधिक चिवट होऊन परत येईल. टेबल, रूळ, फेन्स आणि रंध्याचा तळ या सर्वांना घट्ट मेण फडक्याने पातळ चोळावे, दहा मिनिटांनी चमक येईपर्यंत पुसून टाकावे. लाकूड सरकते, गंज चढत नाही आणि भुसा झटकला की निघून जातो.

सिलिकॉनचा फवारा तर कार्यशाळेच्या दारातूनही आत आणू नये, असे मी अनुभवाने सांगतो. एकदा सॉच्या टेबलावर मी तो मारला आणि त्यावर कापलेल्या लाकडाचे पूर्ण डेक बांधले. वार्निश लावताच ते जागोजागी मागे सरकले आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले. लाकूड घासून पुन्हा वार्निश दिले, पुन्हा तेच. सिलिकॉन तंतूंमध्ये शिरलेले होते. ते डेक शेवटी उखडावे लागले.

डोलकाठी

फेन्सचा प्रश्न सुटला ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु नाळेकडची पायरी केवळ जाडीच्या फरकाने पडत असेल असे मला वाटत नाही. पट्ट्या नाळेकडे निमुळत्या करता का? तुमच्या सर्वांत रुंद बरगडीवर कण्यापासून वरच्या कडेपर्यंतचा घेर किती आणि नाळेपाशी किती?

नवखा_खलाशी

मधल्या बरगडीवर ८० मिमी, नाळेपाशी ५० मिमी आणि पाठीमागे ८६ मिमी. एका बाजूला सोळा पट्ट्या बसवायच्या आहेत. निमुळत्या करतो, पण प्रत्येक पट्टी त्या त्या वेळी अंदाजाने.

डोलकाठी

तर हिशेब अगोदरच मांडून घ्या. मध्यावर ८० भागिले १६, म्हणजे प्रत्येक पट्टी ५ मिमी रुंद. नाळेपाशी ५० भागिले १६, म्हणजे सुमारे ३.१ मिमी. पट्टीची रुंदी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी होऊ देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि तुमची पट्टी त्यात बसते, त्यामुळे नाळेजवळ एखादी पट्टी मध्येच संपवण्याची गरज नाही. पाठीमागे ८६ भागिले १६, म्हणजे सुमारे ५.४ मिमी, आणि तुम्ही पट्टी ५.५ मिमी रुंद कापता, तेव्हा तिथेही जादा तुकडा घालावा लागणार नाही. हे आकडे कागदाच्या पट्टीवर उतरवून प्रत्येक बरगडीवर पेन्सिलने खुणा करा. अंदाजाने निमुळती केलेली पट्टी शेजारच्या पट्टीला चिकटवण्यासाठी आपण कडेने ओढतो. ओढलेल्या पट्टीची एक कड वर उचलली जाते आणि त्यालाच तुम्ही पायरी म्हणत आहात.

भिजवण्याबद्दलही थोडे सांगतो. पाण्याने लाकूड फुगते, पण वाकते ते मुख्यतः उष्णतेने, कारण तंतूंना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ पडते. पट्टी तासभर बुडवून ठेवल्यास तिची रुंदी वाढते, ती तशीच चिकटवली की सुकल्यावर आकसून फट पडते. मी पट्टी काही सेकंद ओली करतो, तक्त्यावर इच्छित वळणात चापांनी अडकवतो आणि केस सुकवण्याच्या यंत्राने दोन-तीन मिनिटे गरम करतो. पूर्ण थंड झाल्यावरच सोडतो, नाहीतर ती पुन्हा सरळ होऊ पाहते. कडेच्या दिशेने, म्हणजे पट्टी आडवी ठेवून तिला धनुष्यासारखे वळण देणे, हेदेखील अशाच रीतीने शक्य होते.

नवखा_खलाशी

आपण सांगितल्याप्रमाणे खुणा करून पहिली पट्टी निमुळती करायला घेतली, पण हातातला छोटा रंधा लाकूड सोलण्याऐवजी ओरबाडतो. जागोजागी तंतू उपटून येतात. नवा असताना तो असा नव्हता.

सुतारपक्षी

आधी पट्टी उलटी धरून पाहा. तंतू ज्या दिशेने वर चढत जातात त्या दिशेनेच रंधा चालवावा. तरीही ओरबाडत असेल, तर रंध्याचे पाते धार लावायच्या दगडावर न्यायची वेळ झाली आहे.

दगड सपाट आहे का, ते प्रथम तपासा. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा काढा, काचेवर पसरलेल्या २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर तो दगड पाण्याने घासा. कडेच्या रेघा पुसल्या गेल्या आणि मध्यावरच्या तशाच राहिल्या, तर दगड मध्ये खोलगट झालेला आहे. सर्व रेघा जाईपर्यंत घासत राहा. खोलगट दगडावर सरळ धार कधीच येत नाही.

मग पात्याच्या उतरत्या बाजूला मार्करची शाई लावा आणि दगडावर दोनच हात फिरवून बघा. शाई जिथून पुसली गेली, तिथेच दगड टेकतो आहे. फक्त मागच्या बाजूची शाई गेली असेल तर धारेपर्यंत तुम्ही अजून पोहोचलेलाच नाहीत, आणि अर्धा तास घासूनही पोहोचणार नाही. माझ्या मते धार लावण्यात हरलेल्या बहुतेकांचे इथेच चुकते. कोन २५ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवा. घासत राहिल्यावर पात्याच्या पाठीकडून, धारेपासून बाहेरच्या दिशेने बोट फिरवले की एक बारीक खरखरीत कड लागते. ती संपूर्ण रुंदीवर लागली पाहिजे, कोपऱ्यात तुटक असता कामा नये. त्यानंतर पाठ दगडावर अगदी सपाट ठेवून ती कड काढा, आणि शेवटी हिरवे पॉलिश चोळलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा मागे ओढा. पुढे ढकलू नका, चामडे कापले जाईल.

यापुढे दर वेळी दगडापर्यंत जाण्याची गरज नाही. काम सुरू करण्यापूर्वी चामड्यावर दहा वेळा ओढण्याची सवय लावली, तर दगड महिनोन्महिने लागत नाही.

हातकरवत

यात मात्र माझा काडीचाही मतभेद नाही. एक भर घालतो: डाव्या आणि उजव्या बाजूची एकाच क्रमांकाची पट्टी एकमेकींवर ठेवून चापात धरावी आणि दोन्ही एकदमच रंधून निमुळत्या कराव्यात. मग जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या का, हे मोजत बसावे लागत नाही.

उलटी_पटाशी

दोन्ही बाजूंच्या सारखेपणावरून आठवले. १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासात, बंदराच्या परिसरातच बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज अभ्यासताना त्याच्या दोन बाजू एकसारख्या नसल्याचे आढळले. जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्याही सापडल्या. दोन स्वीडिश फुटांच्या आणि दोन ॲमस्टरडॅमच्या, ज्यांचा फूट अकराच इंचांचा होता. जहाज बुडाले ते मुख्यतः वरचा भाग जड झाल्याने, मोजपट्ट्यांमुळे नव्हे, पण आपल्या टेबलावर हीच गंमत रोज घडत असते. आराखडा छापताना कागद अर्ध्या टक्क्याने लहान-मोठा निघतो, पोलादी फूटपट्टीचे शून्य झिजलेले असते आणि व्हर्नियर तिसरेच सांगतो. एका जहाजासाठी एकच मोजसाधन ठरवा आणि आराखड्यावरची मापपट्टी त्याच साधनाने एकदा तपासून घ्या.

डोलकाठी

रंध्याला धार आलीच आहे तर डोलकाठ्यांचेही आताच लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. गोल काठी थेट गोल घासायची नसते. चौकोनी काठी घ्यावी, प्रत्येक बाजूची रुंदी ७:१०:७ या प्रमाणात विभागून दोन रेघा आखाव्यात आणि कोपरे त्या रेघांपर्यंत रंधून काढावेत. जवळजवळ अचूक अष्टकोन मिळतो. त्याचे सोळा कोन करून मगच सँडपेपर घ्यावा. काठी निमुळती असल्यास आधी चौकोनच निमुळता करावा. ड्रिलमध्ये काठी फिरवून घासणाऱ्यांच्या काठ्या मध्यावर बारीक का होतात, हे त्यांना उशिरा कळते.

नवखा_खलाशी

चार दिवसांनी लिहीत आहे. नव्या पात्यावर, म्हणजे ३६ दातांच्या, सहा पट्ट्या कापल्या. पाच ठिकाणची मापे १.४९ ते १.५२ मिमीच्या दरम्यान आहेत आणि डाग एकाही पट्टीवर नाही. रंध्यातून आता अखंड, अर्धपारदर्शक वळ्या निघतात. त्यांतली एक मी सॉच्या झाकणावर चिकटवून ठेवली आहे. फेन्स बसवण्यापूर्वी रूळ ब्रशने झाडायचा, हे बटणाशेजारी खडूने लिहिले आहे.

एकच प्रश्न उरला. चिकटवलेल्या दहा पट्ट्या पांढऱ्या गोंदाने लावल्या आहेत, फक्त नाळेपाशी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब आहेत. बरगड्यांना इजा न होता त्या काढता येतील काय?

सुतारपक्षी

येतील. पांढऱ्या गोंदासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने सांध्यावर सोडा, फडके गुंडाळून अर्धा तास ठेवा आणि पातळ पात्याने पट्टी हळूहळू उचला. गोंद रबरासारखा सुटतो. पाण्यानेही सुटेल, पण बरगड्या फुगतील. झटपट गोंदाच्या थेंबांना ॲसिटोन लागेल, ते कापसाच्या बोळ्याने थेंबापुरतेच लावा. दोन्ही द्रव ज्वालाग्राही आहेत, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गरम यंत्र नको. बरगड्यांवर गोंदाचा अंश राहिला तर नवी पट्टी चिकटणार नाही, म्हणून तो पटाशीने खरवडून घ्या.

नवखा_खलाशी

डाव्या बाजूच्या पाचही निघाल्या. तिसरीचे नाळेकडचे टोक तुटले, बरगड्या शाबूत आहेत. पट्ट्यांच्या आतल्या अंगावर तेच करपलेले डाग होते आणि त्या डागांच्या जागी गोंद धड धरलेलाच नव्हता. उजवी बाजू उद्या काढतो.